साहेबरावांची ओंजळ

तेरडा विकत घ्यावा लागतो, हे मला अजून पचलेलं नाही. दरवर्षी भाद्रपद लागला की मी तुळिंजच्या बाजारात जाते, गौरीसाठी तेरड्याची जुडी मागते आणि विकणाऱ्या बाईशी उगाच हुज्जत घालते. ती बिचारी वाडा तालुक्यातून पहाटेची गाडी धरून आलेली असते. "मावशी, मी काय हा फुकट उपटून आणला का?" असं ती विचारते आणि मला मनातून हसू येतं, कारण फुकटच उपटून आणलेला असतो. आम्हीही तसाच आणायचो. मुळांना माती चिकटलेली ती जुडी मी नाकाशी धरते. सडक्या भाजीचा, रिक्षांच्या धुराचा, ओल्या गोणपाटांचा वास बाजूला सारून तिचा हिरवा, किंचित तुरट वास येतो आणि जिभेच्या टोकाला एक जुनी चव उठते. आंबूस, वर जराशी गोड, तांब्याचा पैसा चाटल्यासारखी. मग मी भांडण अर्धवट सोडून घरी येते.

लग्न होऊन नालासोपाऱ्याला आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच उजाडलं होतं. माहेर ठाण्याचं, चाळीतलं. पाणी सकाळी नळाला येतं आणि भांडणं लावून जातं, एवढंच माझं ज्ञान. सासरी आले तर पाण्याला तोंड होतं, पोट होतं, रुसवेफुगवेसुद्धा होते. स्टेशनकडून सोपारा गावाकडे जाताना आमची वाडी लागायची. केळी, थोडी भाजी, कडेने नारळ, आणि खाडीच्या बाजूला खाचरात भात. वाडीच्या सखल कोपऱ्यात बावखल होतं. बावखलाला तळं म्हणावं तर ते लहान, आणि डबकं म्हटलं असतं तर सासूबाईंनी माझं जेवण बंद केलं असतं. मागच्या कुठल्या तरी पिढीने हाताने खणलेला तो गोड्या पाण्याचा साठा. पावसाळाभर वरच्या ओहोळाचं पाणी एका अंगाने आत यायचं आणि भरून वाहिलं की दुसऱ्या अंगाच्या तोंडातून खाडीकडे निघून जायचं. पलीकडची विहीर त्याच्या जिवावर जगायची. बावखल भरलेलं असलं की विहीर गोड. ते रिकामं राहिलं की खाडीचा खार जमिनीखालून हळूच पुढे सरकायचा, आणि शिमग्यापर्यंत विहीर मचूळ होऊन जायची.

हे सगळं मला आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, समजावून सांगितलं. आबा बोलायचे कमी आणि खाकरायचे जास्त. पण बावखलाचा विषय निघाला की माणूस मोकळा व्हायचा. "भादव्यात गौर पान्यात गेली का त्याच सांजेला तोंड बांधायचं," ते म्हणायचे. केळीच्या खोडाची सोपटं, भाताचा पेंढा आणि वर खाडीचा चिकण, म्हणजे चिकट माती, लिंपून ते तोंड बंद करायचं. मग उरलासुरला पाऊस आतच राहतो आणि उन्हाळा निघतो. एकदा बांधलेलं तोंड मात्र उघडायचं नाही, कारण आत गौर असते. विरघळून जाईपर्यंत ती आपलीच लेक, तिला वाऱ्यावर सोडायची नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. या घरात कायदे पुष्कळ होते. पण मोडायची कोणाची छाती नव्हती असा हा एकच.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. आभाळ रोज भरून यायचं आणि पाहुण्यासारखं चहा न घेताच निघून जायचं. भाताला भेगा दिसू लागल्या तेव्हा आबांचं खाकरणं वाढलं. मग गौरी यायच्या आदल्या दिवशी पाऊस आला तो असा, की पडवीत बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. ओहोळ भरून धावला. बावखल काठोकाठ झालं. आबा डोक्यावर इरलं घेऊन काठावर उभे राहिले आणि भिजत राहिले. घरात आले तेव्हा ते चक्क गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी गौर आणायची होती. आमच्या घरची गौर तेरड्याची, आणि ती आणायची नव्या सुनेने. काठावरचा तेरडा मुळासकट उपटायचा, बावखलात धुवायचा, आणि त्याच पाण्याचा एक घोट तोंडात धरून घरापर्यंत यायचं. वाटेत बोलायचं नाही, मागे पाहायचं नाही, पाणी गिळायचं नाही आणि थुंकायचंही नाही. दारातल्या तुळशीत ती चूळ सोडायची आणि मगच तोंड उघडायचं. माझ्यासारख्या बडबड्या मुलीला ही शिक्षाच होती. आमचे हे मला सकाळपासून चिडवत होते, "आज घराला थोडी विश्रांती मिळणार."

मी वाकले, ओंजळीने पाणी घेतलं, तोंडात धरलं, आणि उभी राहिले ती तशीच राहिले. पाणी आंबट होतं. कैरीसारखं आंबट नाही. दातांच्या मुळाशी जाऊन बसणारं, जिभेला खरखरीत करणारं. आणि त्या आंबटावर कुठून तरी एक गोडसर साय. मागून सासूबाईंची घंटा वाजत होती, शेजारणी गाणी म्हणत होत्या. नवी सून गौर घेऊन निघालेली आणि ती पहिल्याच पावलाला पचकन थुंकली, असं झालं असतं तर आजवर त्या गोष्टीने माझी पाठ सोडली नसती. मी चालत राहिले. केळीच्या रांगेतून घर केवढं लांब वाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. "भाविक हाय गो सून," मागून एक शेजारीण कौतुकाने म्हणाली.

तुळशीत चूळ सोडली आणि मी धापा टाकत म्हटलं, "आई, पाण्याला कसली तरी चव आहे."

"पान्याला चव असनारच," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या ठान्याच्या नळाच्या पान्याला नसते. तुला सवय नाय." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण नव्या सुनेला दुसरं काय करता येतं? संध्याकाळपर्यंत जिभेवर फोड आले होते. गौरीला दाखवलेली भाजी-भाकरी मी त्या दिवशी नुसती बघितली.

गंमत म्हणजे त्या चवीचं उगमस्थान मी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला कळलं नाही. वाडीच्या वरच्या अंगाला, रेल्वेलाईनीलगत, कोणीतरी विकून टाकलेल्या तुकड्यावर साहेबरावांची भंगाराची वखार होती. साहेबराव मराठवाड्याचे. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून बायकोला घेऊन निघालेले. आधी खडी फोडली, मग मुंबईत भंगार वेचलं, आणि आता लाईनीच्या पलीकडे कारखान्यांचे गाळे उभे राहू लागल्यावर त्यांचं टाकाऊ सामान घेऊन ते इथे बसले होते. रोज सकाळी आमच्या विहिरीवर प्यायचं पाणी न्यायला यायचे. सुरुवातीला प्लास्टिकचे कॅन आणायचे, भंगारातलेच. त्यांना रंगाचा उग्र वास. सासूबाईंनी एक दिवस ते कॅन हातातून काढून घेतले आणि स्वतःची पितळेची कळशी पुढे केली. "हेच्यात ने. आनि मोडीत घालू नकोस," म्हणाल्या. साहेबराव एवढे हसले की डोळे मिटले.

गौरीपूजनाच्या दिवशी त्यांच्या बायकोने, कौसल्याताईंनी, मला हळदीकुंकवाला बोलावलं. त्यांच्याकडेही त्याच दिवसांत महालक्ष्म्या बसतात. मी पहिल्यांदाच वखारीत पाऊल टाकलं. एका बाजूला गंजलेले पत्रे, दुसऱ्या बाजूला लेथमधून निघालेल्या लोखंडी किसाचा तेलकट ढीग, आणि मधोमध फोडलेल्या बॅटऱ्या. साहेबराव त्या कुऱ्हाडीने फोडायचे, आतल्या शिशाच्या पट्ट्या काढायचे आणि तेजाब तिथेच भुईवर ओतून टाकायचे. आदल्या पावसाने सगळं धुऊन निघालं होतं, आणि खळग्यांत साचलेल्या पाण्यावर मोरपिसासारखे रंग फिरत होते. मला ते सुंदर वाटलं होतं, हे आजही आठवतं.

आणि झोपडीच्या आत दोन महालक्ष्म्या. पत्र्याच्या दोन पिंपांना साड्या नेसवलेल्या, वर पितळी मुखवटे, गळ्यात कागदी हार, समोर गव्हा-तांदळाच्या राशी. पिंपांवरची रंगाच्या कंपनीची अक्षरं एका ठिकाणी साडीच्या निऱ्यांतून डोकावत होती. इतक्या देखण्या देवी मी त्यानंतर पाहिल्या नाहीत. कौसल्याताईंची स्वतःची साडी मात्र बारीक बारीक छिद्रांनी चाळण झाली होती. माझी नजर गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "तेजाबाचं शितोडं, बाई. निस्ता थेंब पडाया उशीर. साडी काय, हातबी तसंच." त्यांनी तळहात पुढे केले. त्या हातांनी मला कुंकू लावलं तेव्हा कपाळाला भेगांची खरखर जाणवली.

"तुमच्या महालक्ष्म्या कुठे विसर्जन करता?" मी विचारलं.

"इसर्जन?" त्यांना हसू आलं. "आमच्याकडं कुठलं आलंय पाणी? मुखवटं पुसायचं, पत्र्याच्या पेटीत ठिवायचं. तुमी खरंच पाण्यात सोडता व्हय? मला दावा की."

म्हणून तिसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर आल्या. आबांनी गौर छातीशी धरून पाण्यात नेली, तीनदा बुडवली आणि सोडली. कौसल्याताई काठावर उभ्या होत्या. एवढं पाणी, आणि ते एका देवीला राहायला दिलेलं, हे पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग आबांनी आणि ह्यांनी मिळून तोंड बांधलं. चिकण थापल्याचा चपाचपा आवाज, केळीच्या सोपटांचा थंड वास, काठावर खिरापतीसाठी उभ्या शेजारणी. पाणी अडलं. ओहोळ आत येत होता आणि बाहेर जायला वाट नव्हती. आबांनी समाधानाने हात धुतले, त्याच पाण्यात.

मासे वर आले ते त्यानंतर. आधी लहान, मग मोठे, पोटं पांढरी करून. कडेच्या अळूची पानं भाजल्यासारखी झाली. मग विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना, आणि चहाला तीच चव आली जी मी तोंडात धरून आणली होती. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू बोलली व्हतीस," एवढंच म्हणाल्या. त्या घरात माझी जागा त्या दिवशी पक्की झाली असं मी मानते. पण त्याचा आनंद व्हावा असा तो दिवस नव्हता. आबा ओहोळाच्या कडेकडेने वर चालत गेले. परत आले तेव्हा खाकरलेसुद्धा नाहीत.

सकाळी साहेबराव नेहमीसारखे कळशी घेऊन आले. मी पडवीत तांदूळ निवडत होते. त्यांनी दोराला हात घातला तेव्हा आबांनी कळशीवर हात ठेवला. "आज नको."

साहेबरावांच्या तोंडावरचं हसू गेलं नाही. ते जागच्या जागी वाळलं. विहिरीवरून परत पाठवलं जाणं त्यांना नवं नव्हतं, हे मला इतक्या लांबूनही कळलं. त्यांनी कळशी पुसली, कट्ट्यावर नीट उपडी ठेवली आणि म्हणाले, "बरं, आबा. आमाला सवय हाय."

आबांना समजायला क्षणभर लागला. मग ते ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "अरे गाढवा, तसं नाय! आमी पन नाय पिनार. कोनीच नाय पिनार. चल माझ्यासंगं." आणि त्यांनी साहेबरावांचा हात धरून त्यांना बावखलावर नेलं. मी तांदूळ तसेच टाकून मागे गेले.

पांढऱ्या पोटांची ती रांग पाहून साहेबराव खाली बसले. "हे तुझ्याकडनं आलंय," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकायला जास्त जड गेलं.

"माझ्याकडनं?" साहेबराव म्हणाले. "म्या तर तेजाब भुईवर वततो, आबा. भुई पिती समदं. आमच्याकडं काय बी वता, भुई पिती."

"हिकडची भुई प्यालेली हाय, बाबा. भादव्यात तिच्या पोटात थेंब मावत नाय. तू जे ओतशील ते आमच्या दारात येतं."

मी पुढे पुष्कळ वर्षं शाळेत मुलांना भूगोल शिकवला. पण दोन मुलखांतला फरक याहून सोपा करून मला कधीच सांगता आला नाही. जिथे पाण्यासाठी माणसं गाव सोडून गेली, तिथल्या माणसाला जमीन तहानलेलीच ठाऊक. ती कधी तृप्त असू शकते आणि पोट भरलेल्या पाहुण्यासारखं वाढलेलं परत करू शकते, हे त्याला कोण सांगणार होतं? आणि आमच्या माणसांना पाणी येतंय एवढंच ठाऊक. आलेलं पाणी अडवायचं, देवीच्या नावाने अडवायचं, आणि काही झालं तरी सोडायचं नाही. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं. त्या दोन बरोबर गोष्टी एका ओहोळाच्या दोन टोकांना आल्या आणि मासे मेले.

आता करायचं काय, हा प्रश्न होता. तोंड फोडून पाणी सोडून द्यायचं तर पाऊस संपत आलेला. पुन्हा बावखल भरेल याची खात्री नाही, आणि नाही भरलं तर विहिरीत खार येणार, केळी जाणार. न सोडावं तर ते विष झिरपत राहणार. आबांचं मन सोडण्याकडे झुकलं होतं. पण सासूबाई काठावर उभ्या राहिल्या. "आत गौर हाय," त्या म्हणाल्या. "पोरीला नाल्यातून धाडनार?" ह्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला, तर सासूबाईंनी त्यांना एका नजरेत गप्प बसवलं.

बोलल्या त्या कौसल्याताई. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "आई," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आमच्या महालक्ष्म्या वरीसभर पेटीत असत्यात. गोधड्याखाली. पाण्याचं तोंडबी बगत न्हाईत. पर रुसत न्हाईत, पुढल्या साली येत्यातच की." आणि मग, "देवीला बी आसलं पाणी सोसत नसंल."

सासूबाई घरात गेल्या, सूप घेऊन आल्या, साडी खोचली आणि पाण्यात उतरल्या. तरंगणारी तेरड्याची जुडी, काळवंडलेली, त्यांनी दोन्ही हातांनी सुपात घेतली आणि आणून मोठ्या केळीच्या बुंध्याशी ठेवली. आजारी मुलीशी बोलावं तशा तिला म्हणाल्या, "बस हितं. पानी बरं नाय." आणि आम्हाला पाठ करून म्हणाल्या, "फोडा."

कुदळ साहेबरावांनी घेतली. आबा नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. चिकण सुटला, सोपटं निघाली आणि पाणी आवाज करत खाडीकडे धावलं. साहेबराव कुदळीवर रेलून ते पाहत उभे होते. उभ्या जन्मात त्यांनी पाणी साठवताना पाहिलं होतं, चोरताना पाहिलं होतं, त्याच्यासाठी मारामाऱ्या पाहिल्या होत्या. सोडून दिलेलं पाहिलं नव्हतं. "बघवत न्हाई, आबा," ते म्हणाले. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आबांनी खाडीच्या दिशेला वळून हात जोडले. खालच्या अंगालाही माणसं राहतात, त्यांच्या जाळ्यांत काय आलं असेल ते आमच्या कानावर कधी आलं नाही. मला मात्र ते जोडलेले हात अजून दिसतात.

पुढचे दिवस म्हणजे रिकामं बावखल आणि कोरडं आभाळ. प्यायचं पाणी आम्ही आणि साहेबराव, दोघेही गावातल्या एकाच लांबच्या विहिरीवरून आणू लागलो, एकाच वाटेने. दोन कळशा पुढे, दोन मागे. वर वखारीत साहेबरावांनी कामधंदा बंद ठेवून लाल मातीचा बांध घातला. बॅटऱ्यांवर भंगारातल्या पत्र्यांचं छप्पर चढवलं. तेजाबासाठी पिंपं ठेवली आणि जुन्या खळग्यांत चुना टाकला. आबा रोज जाऊन पाहून यायचे. दोघे बांधावर बसून विड्या ओढायचे, आभाळाकडे बघायचे. आबांनी उभ्या आयुष्यात इतकी बडबड केली नसेल.

हस्त नक्षत्र लागलं आणि पाऊस आला. रोज दुपारनंतर, ढगांच्या गडगडाटासकट, हिशोब चुकता केल्यासारखा. बावखल पहिल्यासारखं काठोकाठ भरलं नाही, कमरेपर्यंत भरलं. पण ते पाणी स्वच्छ होतं, तळाचा चिकण दिसत होता. आबा सोपटं खांद्यावर घेऊन तोंड बांधायला निघाले तेव्हा साहेबराव तिथे आधीच हजर होते. कोणी बोलावलं नव्हतं. ते पाण्याशी उकिडवे बसले, ओंजळ भरली, आणि आमच्या देखत घटाघटा प्याले. थोडा वेळ तसेच बसून राहिले, पोटात काय होतंय ते ऐकत असल्यासारखे. मग आबांकडे बघून मान हलवली. "बांधा आता."

ती रीतच पडून गेली. पुढे दरवर्षी गौर पाण्यात जायच्या आधी साहेबराव यायचे, ओंजळभर पाणी प्यायचे आणि मग आबा पुढचं करायचे. सासूबाई त्याला मानाची ओंजळ म्हणायच्या आणि त्याबद्दल साहेबरावांना नारळ द्यायच्या. माझ्या तोंडातला घोट तेव्हापासून गोड होता. मी तो केळीच्या रांगेतून मोठ्या डौलाने घेऊन यायचे. आता आमच्या इमारतीत मी तेरड्याची जुडी घेऊन लिफ्टमध्ये शिरते तेव्हाही तोंडात घरच्या पाण्याचा घोट असतो. परवा शेजारच्या मुलाने विचारलं, "आजी, कितवा मजला?" मी बोटं दाखवली. त्याला वाटलं असेल, म्हातारीची दाढ दुखतेय.

पण बावखलाची गोष्ट तिथे संपली नाही. काही वर्षांनी, त्याच दशकाच्या अखेरीला, लाईनीच्या कडेने वखारींमागून वखारी उभ्या राहिल्या. कोणी तारा जाळायचं, कोणी पिंपं धुवायचं. माणसं नवी, दूरदूरची, आणि आमच्या विहिरीवर पाणी न्यायला येण्याची त्यांना गरज नव्हती, कारण गावात ग्रामपंचायतीचा नळ आला होता. त्या वर्षीही गौर पाण्यात जायच्या आधी साहेबराव आले. केस पिकले होते. उकिडवे बसले, ओंजळ भरली, नाकाशी नेली, ओठांशी नेली. मग बोटं उघडली. पाणी खाली पडलं.

"आबा, यंदा म्या पिणार न्हाई."

आबा सोपटं खांद्यावर घेऊन उभे होते.

"माझा बांध शाबूत हाय," साहेबराव म्हणाले. "रोज बगतो. पर माझ्या वरल्या अंगाला आता कोण कोण हाय, म्या कुणाकुणाच्या पाया पडू?"

कोणाला खोटं बोलायचं असतं तर एक घोट घेणं किती सोपं होतं. आबांनी सोपटं हळूच खाली ठेवली. "बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले, आणि साहेबरावांशेजारी बसले. ओहोळाचं पाणी आत येत होतं आणि उघड्या तोंडातून बाहेर जात होतं. ते तोंड त्यानंतर कधी बांधलं गेलं नाही.

सासूबाई घरातून कळशी घेऊन आल्या. तीच पितळेची, साहेबरावांनी मोडीत न घातलेली. तिच्यात नव्या नळाचं पाणी होतं. त्यांनी आधी साहेबरावांच्या ओंजळीत ओतलं, मग आबांच्या. दोघे प्याले. आबांनी तोंड पुसलं. "हेला कसलीच चव नाय," ते म्हणाले, आणि साहेबरावांनी पुन्हा ओंजळ पुढे केली.